आधी येणारे हात

१

रशियातल्या पेर्म शहराच्या त्या स्केटिंग रिंकवर पहाटेचा बर्फ नव्या जोडीच्या वाट्याला यायचा, कारण पहाटेचा बर्फ कुणालाच नको असायचा. बाहेर ट्रामचे रूळ गोठलेले, आत गरम पाण्याचे पाइप भिंतीत ठोके देत राहायचे, आणि अख्ख्या इमारतीत अमोनियाचा आणि ओल्या लोकरीचा वास. निका आधी तिखोनच्या बुटांच्या नाड्या बांधायची, मग स्वतःच्या.

एकवीस वर्षांचा, दारात उभा राहिला तर दार अडेल असा गडी. पण त्याला नाड्या बांधता यायच्या नाहीत. बोटं थरथरायची. चहाचा ग्लास बशीवर ठेवला की बशी किणकिणत राहायची, म्हणून तो बशीच घ्यायचा नाही. "थंडी," म्हणायचा. उरालात जन्मलेल्या माणसाला थंडी! निकाने पुढे विचारलं नाही. फार प्रश्न विचारणाऱ्या मुलींना कोच झिनाइदा कार्पोव्हना परतीच्या गाडीत बसवते, हे तिला आल्या आल्या कळलं होतं.

बर्फावर पाय पडला की मात्र त्याचे हात थांबायचे. एकदम. कुणी घड्याळाचा लंबक बोटाने धरावा तसे.

झिनाइदा कार्पोव्हनाचे नियम दोनच. आत जाताना हात हातात आणि बाहेर येताना हात हातात, मध्ये आभाळ कोसळलं तरी. आणि दुसरा नियम सलामीचा. कार्यक्रम नीट झाला तर शेवटी रिकाम्या खुर्च्यांना दोघांनी लवून सलामी द्यायची. कुठे मोडला, कुणी पडलं, तर सलामी नाही, पहिल्यापासून पुन्हा. "सलामी नाही म्हणजे कार्यक्रम झालाच नाही," बाई म्हणायची. "अर्धवट कामाला देवसुद्धा टाळ्या वाजवत नाही." देवाचं तिला काय माहीत, देव जाणे. तीस वर्षं ती कठड्याला टेकून सूर्यफुलाच्या बिया फोडत होती आणि दुसऱ्यांची पोरं हवेत फेकायला लावत होती.

"हं, चला! नवरा-नवरीसारखे उभे राहू नका. लिफ्ट!"

तिखोन ओठांतल्या ओठांत मोजायचा. मोजून झालं की म्हणायचा, "चल." निका पाठमोरी, वेग घेतलेली. मग कमरेवर हात यायचे आणि पायाखालचा बर्फ निघून जायचा.

त्या दिवशीही हात आले. घट्ट, योग्य जागी.

आणि मग तिखोनचे हात आले.

२

वर, त्याच्या डोक्याच्याही वर असताना विचार करता येत नाही. विचार केलात तर पडाल. निकाने विचार केला तो खाली उतरल्यावर, कपडे बदलायच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून.

हात दोनदा कसे येतील? त्याने आधी नुसता स्पर्श केला असेल, मग पकड घेतली असेल. किंवा थंडीने कातडी बधिर होते, तेव्हा कळ उशिरा कळते. तसंच काहीतरी, उलटं. तिने स्वतःला तीन-चार कारणं दिली आणि चारही कारणं स्वतःच मान्य केली.

मग तिने स्वेटर वर केला. जोडीतल्या मुलीच्या कमरेवर वळ असणारच, त्यात नवल नाही. तिखोनच्या बोटांचे रुंद, पिवळे पडत चाललेले वळ होते. त्यांच्या जरा वर दुसरे होते. ताजे. बारीक. निकाने स्वतःचा हात त्यांच्यावर ठेवून पाहिला. तिची बोटंसुद्धा त्या वळांच्या बाहेर जात होती.

खोलीतल्या खुंट्यांवर नावांच्या पट्ट्या होत्या. खिडकीजवळच्या खुंटीवर नाव नव्हतं, नुसती पट्टी खरवडल्याची खूण होती, आणि तिथे कुणी काही टांगायचं नाही. ती उल्यानाची. तिखोनची आधीची जोडीदार. सगळे उल्या म्हणायचे. गेल्या वसंतात गेली. "डोक्यात काहीतरी फुटलं, जन्मापासूनच असेल," असं क्रीडाशाळेत सांगायचे. असं सांगताना मोठी माणसं खिडकीबाहेर बघायची.

उल्याचा कार्यक्रम आता निकाचा होता. तेच संगीत, त्याच उड्या, आणि निळा पोशाखसुद्धा तोच, बाजूंनी उसवून मोठा केलेला. नवा बसवायला वेळ नव्हता, हंगाम डोक्यावर आला होता. रोज दुपारी झिनाइदा कार्पोव्हना तिला टीव्हीसमोर बसवून उल्याच्या जुन्या टेपा दाखवायची. "बघ मान कशी टाकते. बघ, गधडे! तू मान टाकतेस की पोतं?" टेपेतली मुलगी चिमणीएवढी होती, पुढच्या दातांत फट. सलामीला ती एक गंमत करायची: डावा पाय मागे नेऊन ब्लेडच्या टोकाने बर्फावर दोनदा टकटक करायची, शेजारच्याचं दार वाजवावं तशी, आणि मग वाकायची. ते बघून टेपेतला तिखोन हसायचा. तोंड भरून.

निकाने तिखोनला हसताना फक्त त्या टेपेत पाहिलं होतं.

रविवारी तिने आईला फोन केला. "आई, इथे काहीतरी बरोबर नाहीये."

"तो मारतो का?"

"नाही."

"दारू पितो?"

"नाही गं."

"मग काय बरोबर नाही? एवढा मुलगा, एवढी मोठी कोच! लोक पाया पडतात असं मिळावं म्हणून. अठरा पुरी केलीस तू. अजून दोन बोटं उंच झालीस तर कुणी उचलणारसुद्धा नाही तुला. सहन कर, राणी. मी काय कमी सहन केलं?"

आयांचं हे बरं असतं. आपण सोसलं त्याची पावती त्या लेकीकडून वसूल करतात.

३

त्यानंतर ते हात रोज आले. निका त्यांची वाट बघायला शिकली. आधी ते हात, मग तिखोनचे. फेकीच्या वेळी तर नक्कीच. फेक म्हणजे मुलगा मुलीला कमरेला धरून लांब भिरकावतो, ती हवेत गिरक्या घेऊन एका पायावर उतरते. ती तिरकी सुटली की काहीतरी हवेतच तिला किंचित सरळ करायचं आणि पाय बर्फाला बरोबर लागायचा. कठड्याजवळून बाई ओरडायची, "अस्सं! बघितलंस, येतं ना? शिव्या खाल्ल्याशिवाय कुणाला काही येत नाही."

भीती वाटायची, नाही असं नाही. पण त्याहून वेगळं एक वाईट वाटायचं, आणि ते सांगायचीही लाज होती. तिला त्याचे हात हवे होते. फक्त त्याचे. सगळा जीव दुसऱ्याच्या तळव्यावर ठेवायचा आणि तो तळवा आपला विचारच करत नसावा, हे तिला सोसत नव्हतं. तो तिच्याशी चांगलाच वागायचा. गरम खिचडी पुढे सरकवायचा, ट्राममध्ये जागा धरायचा. पण नावाने हाक कधी मारली नाही. "चल," म्हणायचा. आणि मोजताना त्याची नजर निकाच्या खांद्यावरून, जरा पलीकडे, जरा खाली असायची. निकाहून बुटकं कुणीतरी तिथे असल्यासारखी.

एका सकाळी बर्फ नुकताच गुळगुळीत केला होता. त्यावर त्यांच्याआधी कुणी उतरलं नव्हतं. यंत्र बाहेर जाताना निकाने स्वतः पाहिलं होतं. पहिली फेरी दोघांनी शेजारी-शेजारी मारली, हात हातात, आणि वळणावर निकाने सहज मागे पाहिलं.

मागे ओरखडे होते. तिखोनचे खोल. तिचे बारीक. आणि त्या दोघांच्या मध्ये, जिथे फक्त त्यांचे धरलेले हात होते तिथे, आणखी एक जोडी. इतकी उथळ की दिवा तिरका पडला म्हणूनच दिसली. ती त्यांच्याबरोबरच वळली होती.

"तिखोन."

त्यानेही पाहिलं. हात न सोडता तो मागे गेला आणि ब्लेड आडवं करून ते ओरखडे खरवडून टाकले, घाईघाईने, लहान पोर ओली चादर लपवतं तसे.

"जुने असतील," तो म्हणाला.

"आत्ताच यंत्र फिरलंय."

"मग यंत्राचे असतील."

"यंत्राला स्केटचे बूट कधीपासून फुटले?"

"ए, काय खलबतं चाललीत?" कठड्यावरून आवाज आला. "प्रेम उतू चाललं असेल तर घरी जाऊन करा. लिफ्ट!"

त्याने मोजलं. निकाच्या कमरेवर हात आले. या वेळी ती मुद्दाम थांबली, मनातल्या मनात. छोटे. कोमट नव्हते, गारही नव्हते. नखं कुरतडलेली असावीत. पोशाखाच्या जाळीत ती अडकत होती.

४

कॅन्टीनमध्ये दुपारी गर्दी नसायची. तिखोन कोपऱ्यातल्या टेबलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

निकाने ट्रे ठेवला. "मला खरं सांग. नाहीतर मी आज गाडीत बसते."

"बस की. बाई दुसरी आणेल." मग तो ओशाळला. "तसं नाही म्हणायचं होतं मला."

"उल्याला काय झालं?"

 वर ट्यूबलाइट गुणगुणत होती.

"मी पाडलं तिला," तो म्हणाला. "लिफ्टमधून. हात सटकला. सकाळीच. डोकं आपटलं, पण ती उठली, हसलीसुद्धा. म्हणाली, 'बैला, मला जमिनीत पेरतोस काय?' मग म्हणाली डोकं दुखतंय. झिनाइदा कार्पोव्हना म्हणाली, गोड चहा पी. प्यायली. बाई म्हणाली, आता पहिल्यापासून. निवड चाचणी होती ना आठवड्यावर."

"आणि तू?"

"मी काय. मी मोजलं." त्याचा जबडा हलत होता. "सगळं केलं तिने. बरोबर केलं. शेवटची पोझ घेतली. सलामीला वळलो आम्ही, तर ती खाली बसली. नुसती बसली. माझा हात धरूनच. बाई ओरडली, 'सलामी कुठंय?' मग अँब्युलन्स आली, तेव्हा तिची बोटं सोडवायला दोघं जण लागले. माझी की तिची, आठवत नाही."

"आणि मग?"

"मग बाई म्हणाली, बर्फाचा वेळ शिल्लक आहे. एकट्याने पायांचं काम करून घे, अंग आखडेल."

निकाला वाटलं, तो रडेल. तो रडला नाही. खिडकीबाहेर दोन मुली एकमेकींना बर्फाचे गोळे मारत होत्या.

"तुला माहितीये ती आहे," निका म्हणाली.

"ती तुला पडू देत नाही."

"तुला माहितीये!"

"हळू बोल." त्याने हात मांड्यांखालून काढला, टेबलावर ठेवला. टेबलावरची मिठाची डबी थरथरायला लागली. त्याने हात परत घेतला. "बर्फावर हे थांबतं. का थांबतं ते मला विचारू नकोस. बाईनेही विचारलं नाही. ती म्हणाली, बर्फावर थांबतं ना? मग झालं तर."

ते वाक्य निकाने ऐकलं, पण त्याचा अर्थ तिने तेव्हा लावला नाही. तिच्या डोक्यात एवढंच राहिलं: उल्याची सलामी राहिली.

५

चेक देशातल्या ओस्ट्राव्हाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला निघायच्या दिवशी सगळे रिंकच्या लांब बाकावर बसले. प्रवासाला निघताना घटकाभर गप्प बसायचं असतं; न बसता निघालं तर वाट नीट लागत नाही. बॅगा पायांशी, कोट अंगावर. झिनाइदा कार्पोव्हना मध्ये, तिची पर्स मांडीवर. शेजारी निका. मग जागा. मग तिखोन.

"सरक की," बाई त्याला म्हणाली. "बाकाला काय भाडं भरलंयस?"

तिखोन सरकला नाही.

"अरे, सरक! ही काय माणसं बसायची पद्धत झाली?"

"बसलोय मी."

बाईने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. एवढंच, एक क्षण. मग तिने पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि समोर बघायला लागली. निकाला तेव्हा कळलं की म्हातारीला ठाऊक आहे. किती, ते नाही. पण ठाऊक आहे. ती टीव्हीवर उल्याच्या टेपा लावायची तेव्हा स्वतः पडद्याकडे कधीच बघायची नाही, निकाकडे बघायची. ठाऊक असून तिने तोच कार्यक्रम ठेवला, तेच संगीत, तोच पोशाख. म्हणजे उल्या येत राहावी. म्हणजे पोराचे हात थांबावेत. म्हणजे पदक यावं.

मेलेल्या पोरीकडूनसुद्धा बाई काम करून घेत होती.

"चला, देवाचं नाव घ्या," झिनाइदा कार्पोव्हना उठली. बाकाची फळी एका बाजूने वर आली, मग जरा वेळाने, दुसरं कुणी उठलं नसताना, आणखी थोडी.

६

ओस्ट्राव्हाचा रिंक मोठा आणि उबदार होता. खुर्च्यांमध्ये खरीखुरी माणसं होती, तळलेल्या सॉसेजचा वास होता. पहिल्या दिवशी छोटा कार्यक्रम, दुसऱ्या दिवशी मोठा. निकाने निळा पोशाख चढवला. बाजूंना नवं कापड जोडलेलं होतं, त्याचा रंग किंचित वेगळा; झालरीखाली तो दिसायचा नाही.

बोगद्यात उभं असताना तिने तिखोनच्या नाड्या तपासल्या. त्याचे हात खिशात होते.

"तिला माझा राग येतो का?" तिने विचारलं.

"कुणाला?"

"आता नाटकं नकोत."

तो विचार करून म्हणाला, "नाही. तिला घरी जायचंय, असं वाटतं मला. तिला कुणावर रागावता यायचं नाही. मांजरीने चावलं तरी मांजरीची माफी मागायची."

"आणि तुला? तिने जावंसं वाटतं?"

त्याने तोंड फिरवलं. त्या पाठमोऱ्या मानेकडे बघून निकाने ठरवलं ते ठरवलं. तिला वाटलं, हे प्रेम आहे. होतंही.

ते आत गेले, हात हातात. संगीत सुरू झालं. सगळं आलं, जसं यायला हवं तसं. आधी ते हात, मग त्याचे. फेकीला ती तिरकी सुटली होती. हवेत कुणीतरी तिला सरळ केलं, मऊपणे, शाळेत जाणाऱ्या मुलाची कॉलर नीट करावी तसं. उतरताना निकाच्या कानाशी कुणीतरी श्वास सोडला. दमलेला. फार दमलेला.

शेवटची पोझ. टाळ्या. खुर्च्यांतून चिवचिवाट. दोघं सलामीला वळले, आणि निकाने हात सोडला.

तिखोनने चमकून पाहिलं. कठड्याजवळ झिनाइदा कार्पोव्हनाचं तोंड उघडलं. निका मागे सरकत गेली, एक पाऊल, दोन पावलं, आणि त्याच्या डाव्या बाजूची जागा रिकामी झाली.

"दे," ती म्हणाली. "तिच्याबरोबर दे सलामी."

तो एकटा उभा होता, डावा हात तसाच बाजूला पसरलेला. लोकांना वाटलं असेल, बसवलेलंच आहे. मग त्याची बोटं हळूहळू मिटली. मूठ नाही झाली, एखाद्या छोट्या हाताएवढी पोकळी आत राहिली. आणि त्याच्या शेजारी, खाली, निकाने पाहिलं.

बर्फावर पांढरी भुकटी उडाली. चिमूटभर.

टक.

आणि पुन्हा. टक.

निळं काही हललं, किंवा निकाच्या पापणीवरच घाम होता. झालर खाली बसावी तसं, वाकणाऱ्या मुलीभोवती बसते तसं. तिखोन वाकला, खूप खोल वाकला आणि वाकलेलाच राहिला. त्याची पाठ हलत होती. तो रडतोय हे लोकांना कळलं, आणि लोक उभे राहून आणखी टाळ्या वाजवायला लागले.

फुलं देणाऱ्या पोरी आल्या. एक गुलाब त्याला, एक निकाला. निकाने आपला गुलाब त्याच्या हातात दिला. दोन झाले. जिवंत माणसाला फुलं विषम संख्येतच द्यायची असतात. जोडीनं फुलं फक्त कबरीवर. हे पेर्मचं शेंबडं पोरही जाणतं.

तिखोनने दोन्ही गुलाब बर्फावर ठेवले, जिथे भुकटी उडाली होती तिथे.

"मूर्ख कार्टे!" कठड्याच्या दारापाशी झिनाइदा कार्पोव्हनाने निकाचं मनगट पकडलं. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. "काय केलंस तू? तुला कळतंय का काय केलंस?"

"तिला सोडलं," निका म्हणाली. "तुम्ही सोडत नव्हता म्हणून."

बाई काहीतरी बोलणार होती. मग पाटीवर मार्क आले, त्यांची जोडी पहिली होती, कॅमेरा वळला, आणि म्हातारी हसली. कॅमेऱ्यासाठी तिच्याकडे कायम एक हसू तयार असायचं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या जेवणघरात तिखोन तिच्या टेबलावर येऊन बसला. डोळे सुजलेले, पण चेहरा धुतल्यासारखा. तो हसला. टेपेतलं हसू नव्हतं ते, पण त्याचं भावंड होतं.

"निका," तो म्हणाला.

तिच्या हातातला पाव तसाच राहिला.

"निका, मी झोपलो काल. पहिल्यांदा. ती नाहीये आता. खोलीत कुणीच नव्हतं." मग जरा थांबून: "पाव दे की इकडे. एकटीच खाणार आहेस का?"

एवढं सुख तिला पुरलं असतं. ते तिथेच संपवून उठता आलं असतं तर.

सरावाच्या बर्फावर झिनाइदा कार्पोव्हनाने त्यांना हात धरू दिला नाही, लिफ्टही करू दिली नाही. "अंग राखा. संध्याकाळी करा," म्हणाली आणि दुसरीकडे बघत बिया फोडत राहिली. बिया फोडताना तिची टरफलं कठड्यावर पडत नव्हती, कोटावर पडत होती. निकाने दोघांच्या मागचे ओरखडे पाहिले. त्याचे खोल, तिचे बारीक. मध्ये कोरा बर्फ. तिला आनंद झाला, खरंच झाला.

संध्याकाळी बोगद्यात ती त्याच्या नाड्या बांधायला वाकली, तेव्हा तो म्हणाला, "आज मी मोजेन ते तुझ्यासाठी."

"माहितीये."

"तुझ्यासाठी, निका."

"अरे हो, माहितीये. किती वेळा सांगशील?"

ते आत गेले. हात हातात. बर्फावर पाय पडला आणि निकाने वाट पाहिली, रोजच्या सवयीने, की आता त्याचा हात थांबेल.

तो थांबला नाही.

थरथर तिच्या मनगटापर्यंत आली. कोपरापर्यंत. संगीत सुरू झालं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि तोही स्वतःच्या हाताकडे बघत होता. दुसऱ्याचाच हात आपल्या खांद्याला लावलाय तसा. तेव्हा कॅन्टीनमधलं वाक्य तिला आठवलं. बर्फावर हे थांबतं. का थांबतं ते विचारू नकोस. आणि आता, एवढ्या उशिरा, तिने त्याचा अर्थ लावला. वसंतापासून या हातांनी कुणालाच उचललेलं नव्हतं. त्यांचे वळ नुसते वरवरचे होते. हे हात नेहमी नंतर येत होते.

पायांचं काम संपलं. कोपरा आला. कठड्यापाशी झिनाइदा कार्पोव्हना टाळ्यांनी ताल देत होती. थांबा म्हणायला तिला एक हात वर करायचा होता, फक्त एक. ती ताल देत राहिली.

निका पाठमोरी वळली. वेग घेतलेला होता. मागे तो मोजत होता, मोठ्याने, तिला ऐकू जावं म्हणून, आणि त्याचा आवाज तुटत होता. तिला बाजूला होता आलं असतं. पण तो तिच्यासाठी मोजत होता. पहिल्यांदाच.

तिने कमर सैल सोडली आणि वाट पाहिली. छोटे हात आले नाहीत. जाळीत कुठलंही नख अडकलं नाही. तिथे नुसती हवा होती, संगीत होतं.

मग त्याचे हात आले. मोठे, घामेजलेले, दहाच्या दहा बोटं थरथरणारी. तिला हवे होते तेच. फक्त त्याचे.

"निका," तो मागून म्हणाला, "धरलंय मी."

"हो," ती म्हणाली, आणि बर्फ पायाखालून निघून गेला.